खाऱ्या पाण्यात कीड लागलेली बोटीची मोटर पुन्हा रंगवायची असेल तर

मालवण-रत्नागिरीकडे मासेमारीत राबलेली आउटबोर्ड मोटर आंबा घाट चढून वर येते, कृष्णाकाठच्या एखाद्या गावात पुरासाठी ठेवलेल्या बोटीला बसते आणि एक-दोन पावसाळ्यांत तिच्या पायावरचा, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागावरचा, रंग फुगायला लागतो. फुग्याला नख लावलं की पापुद्रा सुटतो आणि आत पांढरी भुकटी दिसते. मालक गोंधळतो. मोटर तर आता नदीच्या गोड्या पाण्यात चालते, मग ही कीड कुठून आली? बहुतेक वेळा मीठ मोटरीबरोबरच घाट चढून आलेलं असतं. रंगाखाली, बोल्टच्या भोवती, धातूच्या बारीक खड्ड्यांत ते दबा धरून असतं. त्याच्यावर कितीही महागडा रंग मारला तरी तो सुटणारच.

म्हणून या लेखात रंग मारण्यापेक्षा मीठ काढण्यावर जास्त लिहिलं आहे. हरिपूर, भिलवडी, औदुंबर या पट्ट्यात मोटर हौसेसाठी कुणी घेत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आणि तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या दिवशी जी मोटर लागते, तिचा बोटीला पकडणारा ब्रॅकेट किडलेला चालत नाही.

कीड कशी लागते

मोटरीचा पाय, गिअरबॉक्सचं कवच आणि बोटीला पकडणारा ब्रॅकेट ही सगळी ओतीव ॲल्युमिनियमची कामं. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे आपोआप एक अतिशय पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच त्याला राखतो. मिठातले क्लोराइडचे कण हा थर ठिकठिकाणी फोडतात. तिथे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि तो आत आत पोखरत जातो. बाहेर साठते ती पांढरी भुकटी. ती धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून वरचा रंग उचलला जातो.

समुद्राच्या मिठात नुसतं खाण्याचं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. हवेत 33 टक्के आर्द्रता असली तरी ते पाणी ओढून घेतं. म्हणजे शेडमध्ये कोरडी दिसणारी मोटर आतून ओलीच राहते आणि कीड बाराही महिने चालू राहते.

दुसरं कारण स्टेनलेसचे बोल्ट. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारट ओलावा, म्हणजे छोटी बॅटरीच तयार झाली. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. म्हणून पहिले फुगे हमखास बोल्टच्या डोक्याभोवती दिसतात.

सांगलीकडची दोन कारणं मात्र कोकणातला मिस्त्री सांगणार नाही. आपल्याकडे मोटर ठेवली जाते शेतातल्या शेडमध्ये, खताच्या पोत्यांशेजारी. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड; त्याची धूळ मोटरीवर बसली की पुन्हा क्लोराइडच. आणि तासगाव-मिरज भागात द्राक्षबाग असेल तर शेजारी मोरचूद असतं. मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमवर बसलं की प्रत्येक कणाखाली खड्डा पडतो. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारलेल्या पंपाने मोटर धुणारे लोक आहेत. कृपा करून ते करू नका.

आधी तपासा, मग खर्च करा

गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू थोडा सैल करून तेल बघा. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरतंय. ते काम आधी, रंग नंतर. मग एक जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन ब्रॅकेट, त्याच्या पिनेभोवतीचा भाग आणि पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी टोचून बघा. टोक आत गेलं किंवा धातू खडूसारखा भुगा होऊन पडला, तर तो भाग रंगाने वाचणार नाही. पट्टीचा कोपरा झिजला असेल तर ॲल्युमिनियम वेल्डिंग चालू शकतं. ब्रॅकेटला तडा असेल तर नवा ब्रॅकेटच घ्या. मोटरीचं सगळं वजन आणि ओढ त्याच्यावर असते, तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग मारणं म्हणजे धोका झाकून ठेवणं.

कधी आणि कुठे

पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो म्हणून मेअखेरीस घाईघाईने रंगकाम काढणारे बरेच. एप्रिल-मेच्या उन्हात धातू इतका तापतो की थिनर उडून जातो आणि रंग नीट पसरायच्या आत ओढला जातो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला, पण त्याचीही दोन पथ्यं आहेत. नदीकाठी पहाटे धुकं आणि दव असतं. रात्रभर गार झालेल्या धातूवर दिसणार नाही असा ओलावा बसतो. हवेत ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा धातू किमान 3 अंश सेल्सिअस गरम हवा आणि आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत हवी. सोप्या भाषेत, सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेतच रंगाला हात घाला. दुसरं पथ्य उसाच्या हंगामाचं. कुणी पाचट पेटवलं की काळी राख मैलभर उडते आणि ओल्या रंगावर चिकटते. म्हणून बंद शेड, पण खिडक्या उघड्या, आणि जमिनीवर पाणी शिंपडलेलं. पेट्रोलची टाकी शेडच्या बाहेर.

धुणं

पाणी कुठलं, हा पहिला प्रश्न. वाळवा, पलूस, मिरज भागातल्या क्षारपड जमिनीतल्या बोअरचं पाणी चवीलाच मचूळ लागतं. त्याने धुणं म्हणजे नवं मीठ लावणं. नळाचं, नदीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या.

आधी आतून धुवा. पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर रबरी कप बसवून नळी जोडा, पंखा काढून ठेवा, मोटर न्यूट्रलमध्ये मंद गतीवर दहा-पंधरा मिनिटं चालवा. पाणी बंद असताना मोटर क्षणभरही चालवू नका. आतलं रबरी इम्पेलर कोरडं फिरलं की फाटतं. हे काम उघड्यावरच करा, बंद शेडमध्ये धूर जीवघेणा ठरतो. पाणी फिरतंय हे दाखवणाऱ्या खुणेच्या भोकातून पाण्याची धार सारखी आली पाहिजे. तुटक येत असेल तर आतल्या वाटा मिठाने चोंदल्या आहेत, त्याही साफ करून घ्या.

बाहेरून कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि नायलॉनचा ब्रश. फवारणीचा एचटीपी पंप हाताशी असतो म्हणून पूर्ण दाबाने मारायचा मोह होतो; त्या दाबाने पाणी सीलमधून आत शिरतं. कपडे धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक बिलकूल नको, ते ॲल्युमिनियमच खातं. संडास साफ करायचं आम्लही नको, कारण ते बहुधा हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे पुन्हा क्लोराइड.

उघडणं आणि खरवडणं

प्रत्येक टप्प्यावर मोबाईलवर फोटो काढत जा आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. पंखा, मोटरीऐवजी स्वतः झिजणारे झिंकचे ठोकळे, जाळ्या, वरचं झाकण, सुटणारे सगळे रबरी भाग काढा. अडकलेल्या बोल्टवर पाना लावून जोर करू नका. गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी ते नीट पुसा, हीट गनने भोवतालचं ॲल्युमिनियम गरम करा आणि हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून उष्णतेने पकड सुटते. तरीही बोल्ट तुटला तर कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडून ड्रिल करून त्यात हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून घ्या.

रंग काढताना एक नियम कायम पाळायचा: लोखंडी तारेचा ब्रश आणि लोखंडावर वापरलेला कुठलाही पॉलिश पेपर मोटरीला लावायचा नाही. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथून पुन्हा कीड सुरू होते. नवा स्टेनलेसचा ब्रश, नायलॉनच्या घासण्या, 80 नंबरचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पेपर एवढं पुरतं. फुगलेला रंग पत्रीने (खरवडायच्या पात्याने) उचलताना थांबायचं कुठे? जिथे रंग पत्रीला दाद देत नाही, तिथून आणखी दोन बोटं पुढे. फुग्याच्या कडेचा रंग वरून घट्ट वाटतो, पण कीड त्याच्या खाली पोहोचलेली असते.

जुन्या मोटरीवर रंगाखाली पिवळट-हिरवा थर लागला तर तो झिंक क्रोमेटचा प्रायमर असू शकतो. त्याची धूळ कर्करोगकारक आहे. कोरडं घासू नका. वॉटर पेपर ओला ठेवूनच घासा, मास्क लावा आणि निघालेला चिखल शेतात किंवा गटारात सोडू नका. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेटही घेते, त्यामुळे शेजारी लोखंडावर ग्राइंडर चालू ठेवून हे काम करायचं नाही.

सँडब्लास्टिंग करणाऱ्याकडे सुटे भाग देता येतात, आणि खड्डे खूप असतील तर तेच बरं. फक्त त्याला सांगा: लोखंडी ग्रिट नको, काचेचे मणी किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड, तेही कमी दाबाने, आणि प्रत्येक भोक बंद करून. पावडर कोटिंगचा सल्ला बरेच जण देतात. मी देत नाही. त्याची भट्टी 180 ते 200 अंशांची असते; सगळी सील काढावी लागतात, आणि मीठ प्यायलेल्या ओतीव धातूच्या छिद्रांतून भट्टीत वाफ निघून कोटिंगला फोड येतात.

खड्ड्यांचा तळ पांढरा राहता कामा नये. तो चकाकेपर्यंत बारीक ब्रशने कोरा. जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे पातळ केलेलं फॉस्फोरिक आम्ल किंवा त्याच्यावर आधारलेलं ॲल्युमिनियम क्लीनर डब्यावरच्या प्रमाणात लावा आणि भरपूर पाण्याने धुवा. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच.

मीठ निघालं का, हे मोजून बघा

या पायरीला लोक फाटा देतात आणि सगळी मेहनत इथेच वाया जाते. आपल्याकडे त्यासाठी लागणारं साधन घरोघरी आहे: द्राक्षबागेत ठिबकमधून खत सोडताना वापरतात तो ईसी मीटर. पाण्यात क्षार जितके जास्त, तितका आकडा मोठा.

एका स्वच्छ प्लास्टिकच्या टबात आरओचं किंवा बॅटरीत घालायचं पाणी घ्या. ईसी मोजून लिहून ठेवा. सुटा भाग त्यात तासभर बुडवून ठेवा, मधून मधून हलवा, आणि पुन्हा मोजा. आकडा वाढला म्हणजे मीठ अजून सुटतंय. पाणी बदला, पुन्हा बुडवा. आधीचा आणि नंतरचा आकडा जवळजवळ सारखा येईपर्यंत हे करत राहायचं. जो भाग बुडवता येत नाही, त्याच्यावर याच पाण्यात भिजवलेला सुती कापडाचा बोळा तासभर चिकटवून ठेवा, मग तो मोजलेल्या पाण्यात पिळा आणि तेच तपासा. मोजमाप करताना हाताचा घाम लागू देऊ नका, घामातही मीठ असतं.

कोमट पाण्यात मीठ लवकर सुटतं. खोल खड्डे असलेल्या भागाला हे भिजवणं दोन-तीन दिवस चालू शकतं. चालू द्या. मग उन्हात आणि हीट गनने हलकं गरम करून पूर्ण वाळवा. छिद्रांतलं पाणी राहिलं तर तेही रंग उचलतं.

प्रायमर

लोखंडी गेटाला लावतात तो लाल रेड ऑक्साइड मोटरीला लावू नका. ॲल्युमिनियमवर त्याची पकड धरत नाही. दोन मार्ग आहेत. संपूर्ण मोटर किंवा पूर्ण पाय रंगवायचा असेल तर ॲल्युमिनियमला चालणारा दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर. थोडेच डाग दुरुस्त करायचे असतील तर आम्ल असलेला एच (etch) प्रायमर, जो स्प्रे कॅनमध्येही मिळतो. दोन्ही एकावर एक नकोत. एच प्रायमरमधलं आम्ल इपॉक्सीच्या हार्डनरला बिघडवू शकतं. कंपनीने डब्यावर तसं चालतं असं स्पष्ट लिहिलं असेल तरच करा.

लावण्याआधी 80 ते 120 नंबरच्या पेपरने धातू खरबरीत करा आणि कडांचा जुना रंग 240 ने उतरता घासा, नखाला पायरी लागता कामा नये. थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ पांढऱ्या फडक्याने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. नुसतंच ओल्या फडक्याने पुसलं तर तेल पसरतं, निघत नाही. शेवटी त्याच शुद्ध पाण्याचा फवारा मारा. पाणी एकसारखं पसरून वाहिलं तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब गोळा झाले तर तेल अजून आहे, पुन्हा पुसा.

वाळल्यावर प्रायमर त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत. ॲल्युमिनियमवर नवा थर लगेच धरायला लागतो आणि उशीर होईल तशी पकड कमी होते. आज घासू, उद्या प्रायमर मारू, असं या धातूवर चालत नाही.

इपॉक्सीचे दोन भाग डब्यावरच्या प्रमाणातच मोजून मिसळा. हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर वाळेल, हा समज चुकीचा आहे. मिश्रण अर्धवट राहून मऊ पडतं. सांगितलं असेल तर मिसळल्यावर 15-20 मिनिटं थांबा. पहिला हात ब्रशने खड्ड्यांत, बोल्टच्या खोबण्यांत आणि धारदार कडांवर घासून भरा. कडांवरून रंग नेहमी पातळ होतो आणि कीड तिथूनच शिरते. मग पूर्ण भागावर गनने किंवा रोलरने दोन हात. थंडीत इपॉक्सीवर कधी कधी मेणचट पापुद्रा येतो. तो पाण्याने धुऊन, हलकं घासून मगच पुढचा हात द्या.

लांबी आणि वरचा रंग

खड्डे भरायला गाड्यांच्या कामातली पॉलिस्टर लांबी स्वस्त पडते, पण ती पाणी पिते. पाण्यात बुडणाऱ्या पायाला इपॉक्सीची लांबीच वापरा, आणि तीही प्रायमरच्या पहिल्या हातानंतर. घासून सपाट केल्यावर उघड्या पडलेल्या जागी पुन्हा प्रायमर.

वरचा रंग दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन). उन्हाला आणि पेट्रोलच्या थेंबांना साधा ऑइल पेंट टिकत नाही. 320 ने हलकं घासून पातळ-पातळ दोन-तीन हात द्या. दोन हातांमधला वेळ डब्यावर दिलेला असतो, तो पाळा. पीयूच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा लागू शकतो आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. गनने मारायचं असेल तर पुरेशी साधनं असलेल्या चांगल्या पेंटिंगवाल्याकडे द्या. घरी करायचं तर गन नको. मोकळ्या हवेत, सेंद्रिय वाफा अडवणारा कार्ट्रिज मास्क लावून ब्रश-रोलरने करा.

वरचं झाकण बहुधा प्लास्टिक किंवा फायबरचं असतं. त्याला 320 ने घासून प्लास्टिक प्रायमर आणि तोच पीयू, एवढंच. बोटीच्या तळाला लावतात तो तांब्याचा शेवाळरोधक रंग मोटरीला कधीच नको. मोरचुदाचं कारण वर सांगितलं तेच. नदीतल्या बोटीला, मोटर वर उचलून ठेवत असाल तर, त्याची गरजही नाही.

टेप लावून झाकायच्या जागा: झिंकचे ठोकळे बसतात ती जागा, पंख्याचा दांडा, ग्रीसचे निप्पल, आटे, पाणी ओढायच्या जाळ्या आणि अर्थिंगच्या तारा जिथे धातूला टेकतात ती प्रत्येक जागा.

जोडणी

प्रत्येक स्टेनलेस बोल्टच्या आट्यांना बोटींसाठीचं जलरोधक ग्रीस लावा आणि शक्य तिथे डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घाला, म्हणजे दोन धातूंमधला संपर्क तुटतो आणि पाना फिरताना रंगही खरवडत नाही. गिअर ऑइल खालच्या भोकातून वर ढकलत भरा. वरच्या भोकातून तेल आलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा. स्क्रूंचे वॉशर नवेच.

कीड आधी स्वतःवर घेऊन मोटरीला वाचवतात ते ठोकळे बदलताना खरा विचार लागतो. समुद्रात झिंकचे ठोकळे चालतात, पण गोड्या पाण्यात झिंकवर कठीण पापुद्रा धरतो आणि ते काम करणं थांबवतात. कृष्णेत किंवा बामणोलीकडे कोयनेच्या जलाशयात चालणाऱ्या मोटरीला ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ठोकळे घ्या. मोटर पुन्हा कोकणात गेली तरी ते चालतात. मॅग्नेशियमचे गोड्या पाण्यात उत्तम, पण खाऱ्या पाण्यात भराभर संपतात. ठोकळ्याला रंगाचा थेंबही लागता कामा नये. बसवल्यावर मल्टिमीटरची एक टोचणी ठोकळ्याला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा. अडथळा जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. दिसत नसेल तर मध्ये रंग राहिला आहे.

पाण्यात उतरवायच्या आधी रंग पूर्ण पक्का होऊ द्या. दोन डब्यांच्या रंगांना साधारण 7 दिवस लागतात, थंडीत जास्त.

पुढची देखभाल

पुराचं पाणी गोडं असलं तरी त्यात शेतातली खतं आणि शहराची घाण मिसळलेली असते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर आतून-बाहेरून धुवा. मोटर उभी ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळतं. खताच्या आणि मोरचुदाच्या खोलीत ती पुन्हा जाऊ देऊ नका. ठोकळा निम्मा झिजला की बदला. मे महिन्यात एकदा बोल्टच्या डोक्यांभोवती बोट फिरवून बघा. फुगा लागला तर तेवढाच भाग उघडा, धुवा, ईसी मीटरने तपासा आणि रंगवा. या किरकोळ कामासाठी उरलेला पीयू हार्डनर ठेवून उपयोग नसतो, डबा एकदा उघडला की हवेतल्या ओलाव्याने तो घट्ट होतो. एच प्रायमरचा एक स्प्रे कॅन आणि त्याच रंगाचा एक कॅन बोटीच्या सामानात ठेवा.